एचडी टीव्ही घेतल्यावर बघण्याच्या सवयी खरंच बदलतात का?

तुम्ही विचारलंय की जुना डबा टीव्ही काढून एचडी घ्यायचा विचार आहे, पण घरातले म्हणतात 'चित्र तेच, फक्त कडा धारदार'. तर सवयी वगैरे खरंच काही बदलतात का, आणि किती इंची घ्यावा? मी उत्तर देणार नव्हतो. पण 'चित्र तेच' हे दोन शब्द वाचले आणि गप्प बसवेना. आमच्या घरात हे वाक्य माझ्या दादाचं आहे, आणि त्याच्याशी या विषयावरचं माझं भांडण टीव्हीपेक्षा जुनं आहे.

बदलतात. पण दुकानात जे सांगतात ते नाही बदलत.

आधी माझी लाज सांगतो. मी अकरा वर्षं व्हिडिओ एडिटिंगच्या टेबलावर काढली आहेत. रंग, फोकस, फ्रेम यांतच दिवस जातो. त्यामुळे घरी ४० इंची फुल एचडी आणायचा हट्ट माझा होता, एचडी सेट-टॉप बॉक्स माझा, एचडी चॅनलांचं पॅकेजही माझं. दादा म्हणत होता, आहे तो चालतोय की. टीव्ही आला त्या संध्याकाळी खोक्यात एचडीएमआय केबल, म्हणजे बॉक्समधलं एचडी चित्र टीव्हीत नेणारी तार, नव्हती. जुन्या टीव्हीची पिवळी-लाल-पांढरी वायर तिथेच लोंबत होती. ती तात्पुरती खोचली, म्हटलं उद्या ऑफिसातून केबल आणतो. चित्र आलं, सगळे खूश झाले, आणि 'उद्या' आठ महिने लांबला.

आठ महिने! पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही. जुन्याच दर्जाचं चित्र त्यातून येतं, आणि तेही भेसळ करून, कारण रंग आणि उजेड दोन्ही त्या एकाच तारेत कोंबलेले असतात. चॅनलच्या कोपऱ्यात मात्र 'एचडी' असं लिहून येत होतं आणि ते वाचून मी, व्यावसायिक माणूस, आल्यागेल्याला सांगत होतो, 'बघा, केसन्‌केस दिसतो.' लोकही माना डोलवत होते. एकाही पाहुण्याने 'कुठे दिसतो?' असं विचारलं नाही. चित्र तेच असं म्हणणारा एकटा दादा होता, आणि त्या आठ महिन्यांत तो शब्दशः खरं बोलत होता. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

आईचंही एक सांगायला हवं. ती रात्रीच्या बातम्या बघायची तो चॅनल जुन्या ४:३ मापाचा (रुंदी चार, तर उंची तीन) होता. नवा पडदा १६:९. मी टीव्हीला 'फुल' करून ठेवलेलं, म्हणजे प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई म्हणाली, 'अरे, या बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड सुजलंय का?' मी काय उत्तर द्यावं? 'आई, आता एचडी आहे, आता खरं दिसतं.' तिला ते पटलं. बिचारी त्या बाईच्या तब्येतीची चौकशी करत राहिली.

उलगडा पुतण्याने केला. गेम खेळायचं यंत्र जोडायला टीव्हीच्या मागे डोकं घातलं आणि तिथूनच ओरडला, 'काका, एचडीएमआयची दोन्ही भोकं रिकामी आहेत. मग बॉक्स कशाला लावलाय?' मी त्याला हळू बोल म्हटलं. दुसऱ्या दिवशी केबल आणली, रात्री सगळे झोपल्यावर लावली, बॉक्सच्या मेनूत जाऊन १०८०, म्हणजे फुल एचडीच्या १०८० ओळी, निवडलं आणि बातम्यांच्या चॅनलवर आलो. मी चेहरे बघितलेच नाहीत, खालची पट्टी बघितली. आदल्या रात्रीपर्यंत त्या लाल अक्षरांच्या कडेने मुंग्यांची रांग चालल्यासारखे ठिपके सरकायचे. पिवळ्या वायरीची ही खूण असते आणि कामाच्या ठिकाणी मी ती दहा फुटांवरून ओळखतो. घरी आठ महिने मला ती दिसली नव्हती. आता मुंग्या गेल्या होत्या. अक्षरांच्या कडा कापून लावल्यासारख्या.

सकाळी दादाने टीव्ही लावला. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो. दोन मिनिटांनी आवाज आला, 'काय रे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आलेत. काय बिघडवलंस?'

एवढंच दिसलं त्याला! पाचपट ठिपके आले (जुनं चित्र ७२०×५७६ म्हणजे ४,१४,७२०, आणि फुल एचडी १९२०×१०८० म्हणजे २०,७३,६००, मोजून पाचपट), आणि याला पट्टे दिसले. जुन्या मापाचं चित्र जुन्याच मापात दाखवलं की बाजूला जागा उरणारच. पण अख्खा पडदा विकत घेतलाय, तो भरला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मग तो रिमोटने चित्र ताणायचा, मी पूर्ववत करायचो. त्या बातम्या देणाऱ्या बाईची सूज रोज संध्याकाळी चढायची आणि रात्री जेवणानंतर उतरायची.

तरीही पुढच्या दोन-तीन महिन्यांत जे बदललं ते मी बारकाईने बघितलं, कारण मला तेव्हा पुरावा हवा होता.

दादा खेळ बघताना पूर्वी सारखा विचारायचा, हा कोण? लांबून घेतलेल्या शॉटमध्ये सगळे खेळाडू सारखेच. म्हणून आवाज मोठा लागायचा, समालोचक सांगेल तेव्हा कळायचं. आता शर्टावरचा आकडा वाचता येतो, तर आवाज खाली आला. तो कधी कबूल करणार नाही, पण सामना चालू असताना आमच्या घरात बोलता यायला लागलं ते तेव्हापासून. प्रक्षेपण करणाऱ्यांनीही हे ओळखलंय. पूर्वी चेंडू दिसावा म्हणून कॅमेरा सारखा जवळ जायचा, आता लांबचा शॉट जास्त वेळ टिकतो आणि मैदानावर कोण कुठे उभं आहे ते कळतं. जुन्या चित्रात हे दुखणं केवढं होतं याचं उदाहरण म्हणजे १९९६ मध्ये अमेरिकेत फॉक्स वाहिनीने आइस हॉकीच्या चकतीभोवती निळी चमक दाखवायला सुरुवात केली होती, कारण प्रेक्षकांची तक्रार होती की चकती दिसतच नाही. हॉकीचे जुने चाहते त्या चमकीवर भयंकर चिडले. एचडीमध्ये चकती आपली आपण दिसते.

माझं स्वतःचं काय झालं, तर चॅनल फिरवणं आकसलं. दोनशे चॅनल होते, उरले पंधरा. एचडीच्या नंबरांबाहेर बोट जाईना. आणि त्या पंधरांत जे लागेल ते. एका रात्री मी पाऊण तास एक गोगलगाय दगडावरून जाताना बघितली. मला गोगलगायींबद्दल काडीचीही आस्था नाही. पण तिच्या अंगावरचा ओलावा दिसत होता, आणि तो दिसतोय एवढ्यासाठीच मी बसलो. नवा एचडी घेणाऱ्याचं हे पहिल्या काही आठवड्यांत हमखास होतं. विषय गेला खड्ड्यात, चित्र छान आहे ना, मग बघ. नंतर ते ओसरतं. ओसरत नाही ती दुसरी गोष्ट. मागे वळता येत नाही. मी जपून ठेवलेली जुन्या सामन्यांची रेकॉर्डिंग्ज आता मला पाच मिनिटंही बघवत नाहीत, आणि एके काळी त्यांचीच पारायणं केलीत.

आईच्या सवयीत शून्य फरक. तिची मालिका ही कानांनी बघायची गोष्ट आहे. हाताने काम चालू, मधूनच एखादा कटाक्ष. त्याच चॅनलची एचडी आवृत्ती वेगळ्या नंबरावर होती, पण तिला जुना नंबर पाठ. आजही तिथेच जाते. मी दोनदा बदलून दिलं, तिसऱ्यांदा तिने बदलू दिलं नाही. अशी माणसं प्रत्येक घरात असतात आणि त्यांच्यासाठी एचडी घेऊ नका. फक्त एक लक्षात ठेवा. आता सगळे एचडी धरूनच अक्षरं बारीक करतात, गुणफलक कोपऱ्यात सारतात. म्हणजे जुन्या टीव्हीवर बघणाऱ्याचंच वाईट झालंय.

बाबांचा बदल मात्र मला लागला. त्यांची खुर्ची खिडकीपाशी, टीव्हीला तिरकी. मांडीवर पेपर, एक डोळा टीव्हीकडे. डबा टीव्ही कुठूनही सारखाच दिसायचा, नवा सपाट एलसीडी तसा नसतो. बाजूने किंवा खालून बघितलं की काळ्याचा राखाडी होतो आणि चेहरे फिके पडतात. (सगळ्या एलसीडींचं इतकं वाईट नसतं, पॅनलवर आहे. आमचं होतं.) बाबांनी कुरकुर न करता खुर्ची वळवून टीव्हीसमोर आणली. मग खिडकी पाठीमागे गेली, पेपरावर स्वतःचीच सावली पडायला लागली, आणि संध्याकाळचा पेपर सकाळवर गेला. वीस वर्षांची सवय, चार दिवसांत. दादा हे अजून माझ्या नावावर मांडतो. 'तुझ्या एचडीने बाबांचा पेपर बंद केला.' माझं म्हणणं एवढंच की टीव्ही भिंतीवर, उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, तसबिरीसारखा कोणी टांगला? मी टेबलावर ठेवा म्हणत होतो. ड्रिल मशीन दादाच्या हातात होतं. बसल्यावर डोळे पडद्याच्या मध्याच्या आसपास आले पाहिजेत, इतकी साधी गोष्ट. तसा ठेवला असता तर बाबांना निदान खालून तरी बघावं लागलं नसतं.

आता मूळ भांडणाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

लहानपणी मी टीव्हीसमोर फतकल मारून बसायचो, अगदी पुढे. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो मागून बकोटी धरून ओढायचा. 'डोळे जातील!' त्या काळच्या टीव्हीपुरतं त्याचं बरोबर होतं, पण डोळ्यांसाठी नव्हे. जवळून चित्राच्या ओळीच सुट्या दिसायच्या, म्हणून. ५७६ ओळींचं (काही देशांत ४८०) चित्र सलग दिसायला पडद्याच्या उंचीच्या सहापट लांब बसावं लागतं. एचडीला तिपटीने भागतं. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर यावर संशोधन सुरू केलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात धारदार कडा हे मुख्य नव्हतंच. चित्राने डोळ्यासमोरचा बराच भाग व्यापावा, साधारण ३० अंश, म्हणजे माणसाला आपण तिथेच असल्यासारखं वाटतं, हा त्यांचा हेतू होता. त्यासाठी जवळ बसायला हवं, आणि जवळून ओळी दिसू नयेत म्हणून ओळी वाढवायला हव्यात. त्यांनी त्या ११२५ केल्या. पडदा रुंद झाला तोही त्याच विचारातून. म्हणजे एचडी जन्माला आली ती जवळ बसण्यासाठी.

आणि लोकांनी काय केलं? सोफा होता तिथेच ठेवला. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत बर्नार्ड लेक्नर यांनी लोक घरी टीव्हीपासून किती लांब बसतात ते तपासलं होतं. साधारण नऊ फूट. ते अंतर टीव्ही ठरवत नाही, खोली आणि फर्निचर ठरवतं. आता हिशेब करा. ४० इंची पडद्याची उंची जेमतेम ५० सेंटीमीटर. नऊ फुटांवरून सामान्य नजरेला त्यावर सहाशेच्या आसपासच ओळी वेगळ्या कळतात. बाकीच्या पावणेपाचशे आपण विकत आणतो आणि त्या कोणालाच दिसत नाहीत. म्हणजे दादाला काळ्या पट्ट्यांपलीकडे काही दिसलं नाही, यात त्याच्या डोळ्यांचा दोष थोडा आणि सोफ्याचा जास्त. (मुंग्या त्याला दिसायला हव्या होत्या. त्यावर मी ठाम आहे. पण मलाही दिसल्या नव्हत्या, तेव्हा जाऊ दे.)

म्हणून मी सोफा पुढे ओढला. दादा चार दिवस बाहेरगावी होता. साडेपाच फुटांवर आणला, टीव्ही दोन बोटं खाली घेतला, दिवा मागे लावला. त्या चार दिवसांत घरातल्या लोकांनी मोबाइल बाजूला ठेवून एक अख्खा सिनेमा बघितला. पुतण्यासकट. सवय बदलली म्हणतात ती अशी. दादा आला, उंबऱ्यातच उभा राहिला आणि म्हणाला, 'डोळे जातील.' सोफा मागे गेला. आमच्या फरशीवर सोफ्याच्या पायांच्या ओरखड्यांच्या दोन रांगा आहेत, साडेपाच फुटांवर एक आणि नऊ फुटांवर एक. मधली जागा दर काही महिन्यांनी झिजते.

तेव्हा तुम्हाला सल्ला. टीव्ही आणायच्या आधी सोफा हलवून बघा. घरातले सोफा हलवू देणार नसतील तर मग मोठा घ्या. नऊ फुटांवरून १०८० च्या सगळ्या ओळी वसूल करायच्या तर हिशेबाने ७० इंचांच्या आसपास जावं लागतं. कमी चालेल, पण लहान पडदा आणि लांब सोफा ही जोडी घेऊन 'चित्र तेच' म्हणू नका. आणल्याबरोबर पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वरून काढा. तो दुकानातल्या झगझगाटात उठून दिसण्यासाठी असतो, घरात माणसं केशरी दिसतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं मनाने बनवून घालतो आणि लाखो खर्चून केलेलं चित्रीकरण स्टुडिओतल्या मालिकेसारखं दिसायला लागतं. २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॅरी यांनी खास व्हिडिओ करून हे बंद करा म्हणून विनवलं होतं. माझ्या आयुष्यात त्यांच्याइतका सहमत मी कोणाशीच झालेलो नाही. दादाला ते गुळगुळीतच आवडतं, हे वेगळं सांगायला नकोच.

काही गोष्टी वर ठासून लिहिल्या, त्या थोड्या सैल करतो. वरचा हिशेब नॉर्मल नजरेचा आहे. कोणाची तीक्ष्ण असते, कोणाला चष्म्याचा नंबर वाढलेला कळलेला नसतो. एचडी लिहिलेलं सगळं एचडी नसतं. इंटरनेटवरून येणारं १०८० जर फार दाबून पाठवलेलं असेल तर अंधाराच्या दृश्यात चौकटी दिसतात, आणि त्यापेक्षा नीट पाठवलेलं ७२० ओळींचं चित्र बरं दिसतं. सिनेमा बघताना मोबाइल बाजूला राहिले ते सोफ्यामुळे की दादा घरी नव्हता म्हणून, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. लहान मुलांना किती जवळ बसू द्यावं ते डोळ्यांच्या डॉक्टरला विचारा, मला नाही. आणि बाबांचं म्हणाल तर त्यांना सकाळचा पेपर आता आवडतो, असं ते म्हणतात.

केबल मात्र पहिल्याच दिवशी लावा. खोक्यात नसेल तर टीव्ही सुरूच करू नका.

पिवळ्या वायरीचं आमच्या घरी अजून कोणाला कळलेलं नाही. म्हणजे पुतण्याला माहीत आहे. त्याने ते कोणाला सांगितलं नाही. टीव्हीला एचडीएमआयची भोकं दोनच आहेत, आणि त्यातलं एक त्या रात्रीपासून त्याच्या गेमचं आहे. मला तिथे दुसरं काही लावायचं असलं की मी त्याला विचारतो.